जॉन बेलेअर्स पुन्हा वाचायला घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे बेलेअर्स नेमके कोण?

जॉन बेलेअर्स (1938–1991) हे अमेरिकन लेखक. जन्म मिशिगन राज्यातल्या मार्शल या लहानशा गावात, मृत्यू मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल इथे, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. नोटर डेम आणि शिकागो विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकले, काही वर्षे कॉलेजांत शिकवले, मग पूर्णवेळ लेखनाकडे वळले. मुलांसाठी त्यांनी 15 कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली पहिली 1973 ची, शेवटची ते गेल्यानंतर 1992 मध्ये आलेली. एक सोडली तर सगळ्यांत मेलेले जादूगार, शापित वस्तू आणि रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारी पोरे आहेत.

लहानपणी वाचलेले पुस्तक आठवते, पण नाव आठवत नाही. कसे शोधायचे?

नावे एकसारखी असल्यामुळे हा घोटाळा बहुतेकांचा होतो. नाव आठवत बसू नका, कथेतली वस्तू आठवा. घराच्या भिंतीत कुठेतरी दडलेले, सतत टिकटिकणारे घड्याळ असेल तर ती ‘द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स’ (1973). आजोबांच्या पेटाऱ्यातले जुने नाणे गळ्यात घालून फिरणारा मुलगा आठवत असेल तर ‘द फिगर इन द शॅडोज’ (1975). मुलगी आणि म्हातारी शेजारीण मोटारीने उत्तर मिशिगनला जातात, अंगठीवरून सगळे घडते, ती ‘द लेटर, द विच अँड द रिंग’ (1976).

चर्चच्या तळघरात पोकळ केलेल्या पुस्तकात सापडलेली निळी इजिप्शियन मूर्ती : ‘द कर्स ऑफ द ब्लू फिगरिन’ (1983). धान्याचे नाश्ते विकून गबर झालेल्या माणसाचे हरवलेले मृत्युपत्र : ‘द ममी, द विल अँड द क्रिप्ट’ (1983). घड्याळात बसवलेल्या बाहुलीघरासारख्या खोलीतली इवलीशी कवटी : ‘द स्पेल ऑफ द सॉर्सरर्स स्कल’ (1984). बेसबॉल फेकणारा यंत्रमानव : ‘द आइज ऑफ द किलर रोबॉट’ (1986). ट्रॉलीत बसून 1453 च्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये जाणे : ‘द ट्रॉली टु यस्टरडे’ (1989). आणि सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारा मुलगा, दडवलेला खजिना, पण भूत एकही नाही, असे आठवत असेल तर ‘द ट्रेझर ऑफ ॲल्फियस विंटरबॉर्न’ (1978). सुरुवातीला जी एक सोडली म्हटले ती हीच.

वाचायचा क्रम कोणता?

तीन स्वतंत्र मालिका आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत.

लुइस बार्नव्हेल्टची मालिका मिशिगनमधल्या न्यू झेबिडी या काल्पनिक गावात, 1948 पासून पुढे घडते. बेलेअर्सनी स्वतः पूर्ण केलेली तीन पुस्तके वर क्रमाने दिली आहेत. ती त्याच क्रमाने वाचा, कारण पात्रांची मैत्री पुस्तकागणिक पुढे सरकते.

जॉनी डिक्सनची मालिका मॅसॅच्युसेट्समध्ये, 1950 च्या दशकात घडते. आठ पुस्तके. यातही ‘ब्लू फिगरिन’पासूनच सुरुवात करा. ‘सॉर्सरर्स स्कल’ आणि त्यानंतरचे ‘द रिव्हेंज ऑफ द विझार्ड्स घोस्ट’ (1985) लागोपाठ वाचावीत, दुसऱ्याची मुळे पहिल्यात आहेत. बाकीची कशीही वाचली तरी चालतात.

अँथनी मंडेची मालिका मिनेसोटातली. चार पुस्तके : ‘विंटरबॉर्न’, ‘द डार्क सीक्रेट ऑफ वेदरएंड’ (1984), ‘द लॅम्प फ्रॉम द वॉरलॉक्स टूम’ (1988) आणि ‘द मॅन्शन इन द मिस्ट’ (1992).

पंधराच्या पंधरा वाचायला हव्यात?

नाही. लुइसची पहिली तीन, जॉनीची पहिली तीन आणि अँथनीचे ‘विंटरबॉर्न’ एवढी वाचली की बेलेअर्सची खरी ताकद हाती लागते. 1986 नंतरच्या पुस्तकांत प्रसंग मोठे होत जातात, प्रवास लांबचे होतात आणि भीती त्या मानाने पातळ होते. ‘ट्रॉली टु यस्टरडे’ त्यातल्या त्यात वेगळे आहे. त्यात भुते मागे पडतात आणि तुर्कांनी वेढलेले शहर पुढे येते. इतिहासाची आवड असेल तर ते आठवे पुस्तक म्हणून घ्या.

पुन्हा वाचली तेव्हा पूर्वीसारखी भीती वाटली नाही. वय झाले म्हणून?

थोडे तसे, पण पुष्कळदा वाचण्याची पद्धत चुकते. मोठेपणी आपण भुताची वाट पाहत वाचतो, आणि बेलेअर्सचे भूत फार थोडी पाने व्यापते. या पुस्तकांतली भीती लपवाछपवीतून येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातून काहीतरी चुकते. ते तो प्रेमळ माणसांपासून लपवतो, आणि लपवल्यामुळेच प्रकरण चिघळते.

‘घड्याळा’च्या पुस्तकात बघा. आईवडील मोटार अपघातात गेलेला दहा वर्षांचा लुइस काकाकडे राहायला येतो. जाडा, भित्रा, खेळात कच्चा. हात मोडल्यामुळे शाळेतला लोकप्रिय टार्बी काही आठवडे त्याच्याशी खेळतो. हात बरा होत आला तसा तो दूर सरकू लागतो. त्याला धरून ठेवण्यासाठी लुइस थाप मारतो की मी मेलेल्यांना उठवू शकतो, आणि हॅलोवीनच्या रात्री ते करूनही दाखवतो. त्यानंतरची कितीतरी पाने तो काकाला हे सांगत नाही. का? तर काका आपल्याला घराबाहेर काढेल म्हणून. काका जोनाथनला भेटलेल्या वाचकाला पक्के ठाऊक असते की तो असे कधीच करणार नाही. लुइसला मात्र ते ठाऊक नाही. थडग्याचे दार उघडते त्या प्रसंगापेक्षा रोज स्वयंपाकघरात काकासमोर बसून गप्प राहणारा लुइस जास्त अंगावर येतो.

‘फिगर इन द शॅडोज’मध्ये नाण्यातली जादू जागी झाल्याचे लुइस मोठ्यांपासून दडवतो. ‘ब्लू फिगरिन’मध्ये तर मूर्तीसोबत स्पष्ट चिठ्ठी आहे की ही वस्तू चर्चबाहेर नेणाऱ्याची धडगत नाही. तरी जॉनीच्या हातून ती बाहेर येते, तीही चोरी करायची म्हणून नाही, एका दांडगट पोराच्या तावडीतून सुटण्याच्या गडबडीत. त्यानंतर मूर्ती परत ठेवावी की नाही या घोळात तो अडकत जातो.

म्हणून दुसऱ्या वाचनात भुताकडे कमी आणि ‘आता सांगेल का?’ या प्रश्नाकडे जास्त लक्ष ठेवा. पहिल्या पुस्तकात लुइसला खरे बोलण्याच्या संधी कुठे कुठे मिळतात त्या पेन्सिलीने खुणा करत चला. पुस्तकाची बांधणी उघडी पडते, आणि मोठ्या माणसालाही अस्वस्थ करणारी भीती नेमकी तिथेच असते.

वाचताना आणखी काय चुकते?

वेग. ही पुस्तके साधारण दीडशे ते दोनशे पानांची, मोठ्या टायपातली. सवयीचा वाचक एका दुपारी संपवतो आणि मग म्हणतो, यात काही नव्हते. रोज एक-दोन प्रकरणे, रात्री, हा हिशेब ठेवा. बेलेअर्स वातावरण हळूहळू चढवतात : पहिल्या प्रकरणात खाणे, पत्ते, घरातली असंख्य घड्याळे एकदम वाजणे. रात्री उशिरा काका टॉर्च घेऊन घरभर फिरतो, भिंतीशी थबकून ऐकतो. कारण कोणी सांगत नाही. ही न सांगितलेली गोष्ट एक रात्र डोक्यात राहिली पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे एकाच आठवड्यात पाच पुस्तके वाचणे. मग साचा उघडा पडतो. एकटा मुलगा, विक्षिप्त म्हातारा मित्र, जुनी वस्तू, मेलेला पण परत येऊ पाहणारा जादूगार, मध्यावर एखादे दुःस्वप्न, शेवटी पळापळ आणि मग केक खात सगळ्याचा उलगडा. दोन पुस्तकांत निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

शेवट इतके घाईचे का वाटतात?

कारण ते घाईचेच आहेत. यात तुमची चूक नाही. दोनशे पानांच्या तयारीनंतर जगबुडीचे संकट पाच-सात पानांत निकालात निघते, कधी मंत्राने, कधी योग्य वेळी हाताशी आलेल्या एखाद्या वस्तूने. मोठी माणसे ऐन वेळी जखडली जातात किंवा गायब होतात, म्हणजे मुलाला एकट्याने काहीतरी करावे लागते. कथानकाची काटेकोर जुळणी हा बेलेअर्सचा प्रांतच नव्हता. जॉनीच्या पुढच्या पुस्तकांत तर योगायोगांची रेलचेल आहे. रहस्यकथा म्हणून वाचाल तर चिडाल.

एक अपवाद : पहिल्याच पुस्तकात घड्याळ शोधण्यासाठी लुइस जो अगदी वेडगळ विधी सुचवतो तो. तोवर तर्काने शोधून सगळे थकलेले असतात, आणि काका ते वेड मनापासून मान्य करतो. त्या पुस्तकाचा शेवट स्वभावातून आलेला आहे.

मोठी पात्रे इतकी लक्षात का राहतात?

लहानपणी आपण लुइसच्या जागी असतो, मोठेपणी काकाच्या. जोनाथन बार्नव्हेल्ट हा जुजबी ताकदीचा जादूगार आहे. त्याला मायावी देखावे उभे करता येतात आणि ग्रहणासारख्या करामती जमतात. शेजारच्या मिसेस झिमरमन खऱ्या पोहोचलेल्या. त्यांच्याकडे ग्योटिंगेन विद्यापीठाची जादूटोण्यातली डॉक्टरेट आहे, आणि अंगावर, घरात, सगळीकडे जांभळा रंग. दोघे दिवसभर एकमेकांना शेलक्या शिव्या देतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. त्यांचे लग्न नाही, प्रेमप्रकरण नाही. शेजार आणि निखळ दोस्ती एवढेच. मुलांच्या पुस्तकांत अशी मैत्री आजही फारशी दिसत नाही.

जॉनीचे प्राध्यापक रॉडरिक चिल्डरमास हे दुसरे. इतिहासाचे प्राध्यापक, तिरसट, उत्तम केक करणारे. संताप आवरेना झाला की घरातल्या एका खास कपाटात जाऊन आरडाओरडा करून येतात. ‘ब्लू फिगरिन’ची मौज अशी की चर्चमधल्या पाद्र्याच्या भुताची गोष्ट जॉनीला आधी हेच रंगवून सांगतात, आणि पोर खरेच झपाटल्यासारखे वागू लागल्यावर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. चुकतात, मग चूक कळल्यावर त्याच्यासोबत पहाडात जातात. अँथनीच्या मालिकेतल्या ग्रंथपाल मिस ईल्स याच जातीच्या : हातून सारख्या वस्तू पडणाऱ्या, डोक्याने तल्लख.

एडवर्ड गोरी यांची चित्रे सगळ्या पुस्तकांत आहेत का?

नाहीत, आणि प्रत घेताना हे बघून घ्यावे लागते. पहिल्या पुस्तकात आतली चित्रेही गोरींची आहेत. बारीक आडव्या-उभ्या रेघांनी विणलेला काळोख, त्यात लहान, गोलमटोल लुइस. दुसऱ्या पुस्तकाची चित्रे मर्सर मेयर यांची, तिसऱ्याची रिचर्ड एगील्स्की यांची, ‘विंटरबॉर्न’ची ज्युडिथ ग्विन ब्राउन यांची. 1983 पासून गोरी परतले, पण मुख्यतः मुखपृष्ठ आणि सुरुवातीच्या एका चित्रापुरते. 2000 मध्ये गोरी गेले, त्यानंतरच्या पुस्तकांना दुसरे चित्रकार आहेत.

नव्या आवृत्त्यांवर बहुतेकदा वेगळीच, चकचकीत मुखपृष्ठे असतात. पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत तेवढ्याने बिघडत नाही. आत गोरींची चित्रे आहेत ना, एवढे पाहा. ई-बुक घेणार असाल तर आधी नमुना उतरवा. रेघांची चित्रे लहान पडद्यावर नुसता करडा डाग होतात. टॅब्लेटवर ठीक दिसतात, फोनवर नाही.

ब्रॅड स्ट्रिकलंड हे नाव मुखपृष्ठावर का दिसते?

बेलेअर्स गेले तेव्हा दोन हस्तलिखिते अर्धवट होती आणि आणखी दोन कथांची थोडक्यात टिपणे होती. स्ट्रिकलंड यांनी ती चार पुस्तके पुरी केली : ‘द घोस्ट इन द मिरर’ आणि ‘द व्हेंजन्स ऑफ द विच-फाइंडर’ (दोन्ही 1993), ‘द ड्रम, द डॉल अँड द झोंबी’ (1994), ‘द डूम ऑफ द हाँटेड ऑपेरा’ (1995). 1996 पासून पुढची पुस्तके पूर्णपणे त्यांची. शेवटचे 2008 चे. अशी लुइसची एकूण 12, जॉनीची 12 आणि अँथनीची 4 पुस्तके झाली.

जुन्या प्रतींच्या मुखपृष्ठावर बेलेअर्सचे नाव मोठे आणि स्ट्रिकलंडचे बारीक असते. अंदाज न करता आतले पान उघडून वर्ष बघा. 1993 किंवा पुढचे वर्ष पहिल्या प्रकाशनाचे असेल तर त्यात स्ट्रिकलंडचा हात आहे. त्यांची कथानके जास्त घट्ट असतात, भुते जास्त वेळ दिसतात. काका आणि झिमरमनबाईंची तू-तू-मैं-मैं मात्र उतरत नाही. विनोद आहे, खोडी नाही. मुलांना ही पुस्तके आवडतात आणि त्यात काही वावगे नाही. स्वतःसाठी पुन्हा वाचणाऱ्याने आधी मूळची संपवावीत.

2018 चा चित्रपट आधी दाखवला तर चालेल?

चालेल, पण पुस्तकाचे नुकसान होते. एली रॉथ दिग्दर्शित या चित्रपटात जॅक ब्लॅक काका आहे आणि केट ब्लँचेट शेजारीण. काळ 1948 ऐवजी 1955. मूळ पुस्तकात थडग्यातून उठते ती मेलेली जादूगारीण सेलेना इझार्ड, आणि ती समोरच्या घरात भाडेकरू म्हणून येऊन राहते. पुस्तकातली सर्वांत थंडगार पाने तीच. चित्रपटात तिचा नवरा आयझॅक उठतो आणि सगळा रोख धडाकेबाज करामतींवर जातो. झिमरमनबाईंना एक दुःखद पूर्वायुष्य जोडले आहे, जे पुस्तकात नाही. शक्य असेल तर पुस्तक आधी.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायची आहेत. कशी?

पहिले पुस्तक नऊच्या पुढे बहुतेक मुलांना झेपते. ‘सॉर्सरर्स स्कल’ आणि ‘किलर रोबॉट’ अकराच्या आधी नको. दुसऱ्यात मुलाच्या डोळ्यांवरच कोणाचा तरी डोळा आहे आणि ती कल्पना रात्री झोपू देत नाही. ‘ममी, विल अँड क्रिप्ट’ घेण्याआधी एक लक्षात असू द्या : त्यात आजीला मेंदूत गाठ होते आणि वैमानिक वडील युद्धात बेपत्ता होतात. घरात नुकतेच मोठे आजारपण झाले असेल तर पुढे ढकला. भुतापेक्षा हा भाग मुलांना जड जातो.

एक प्रकरण मोठ्याने इंग्रजीत वाचायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वाचता वाचता मराठीत सांगत गेलात तर दुप्पट धरा, म्हणजे एका बैठकीत अर्धेच प्रकरण. प्रत्येक वाक्य उलथवत बसू नका. परिच्छेद स्वतः डोळ्यांखालून घालायचा आणि गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. शिव्यांची जुगलबंदी मात्र पुरेपूर द्या. ‘जळकी दाढी’, ‘सुरकुतलेली कैरी’ असे घरचे शब्द वापरले की मूल हसते, आणि हसलेले मूल पुढच्या भीतीला तयार असते. लॅटिन मंत्र जसेच्या तसे उच्चारा. अर्थ सांगितला की त्यातली हवा जाते.

हॅलोवीनच्या रात्रीचे प्रकरण झोपायच्या आधी संपवू नका. ते शनिवारी संध्याकाळी घ्या आणि पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पाने त्याच बैठकीत वाचा, म्हणजे लुइस सुखरूप घरी पोचल्याचे कळते. मध्येच मुलाने ‘तो काकाला सांगत का नाही?’ असे विचारले तर उत्तर देऊ नका. ‘तू सांगितले असतेस?’ असे विचारून थांबा.

ख्रिस्ती संदर्भ खूप आहेत. ते न कळता वाचता येईल?

येईल, पण तीन-चार गोष्टी माहीत असल्या की मजा वाढते. लुइस आणि जॉनी दोघेही कॅथलिक घरांतले. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, लॅटिनमध्ये होई. 1962–65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक भाषा आल्या. वेदीसेवक मुलांना लॅटिन उत्तरे पाठ असत, म्हणून भेदरलेला लुइस आपसूक लॅटिन पुटपुटू लागतो. 31 ऑक्टोबर हॅलोवीन, 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर मृतात्म्यांचा. गोव्यातल्या आणि वसईतल्या वाचकांना हे समजावण्याची गरजच नाही. 2 नोव्हेंबरला तिथल्या दफनभूमीत मेणबत्त्या आणि फुले असतात. इतरांना आपला पितृपक्ष आठवला तरी पुरे : पूर्वज जवळ येतात असे मानण्याचा काळ. फरक एवढाच की लुइस नको त्या पूर्वजाला उठवतो.

पाद्री बेलेअर्सकडे दोन्ही बाजूंना आहेत. ‘ब्लू फिगरिन’मधले फादर बार्ट काळ्या जादूच्या नादी लागलेले, तर जॉनीचे फादर हिगिन्स दणकट, विश्वासू मित्र.

आज वाचताना काय खटकते?

लुइसच्या जाडेपणावरची टोमणेबाजी, त्यातली बरीचशी त्याच्याच मनातली. इजिप्त म्हणजे शाप, हे सोपे समीकरण. जिप्सींबद्दलचे जुने शब्द. मोठी माणसे सर्रास तंबाखू ओढतात. प्राध्यापक चिल्डरमास तर सिगारेटीचा ब्रँडही सांगतात. मुलांसमोर वाचताना हे गाळण्यापेक्षा ‘तेव्हा असे बोलत’ म्हणून पुढे जावे.

उलट लुइसची मैत्रीण रोझ रिटा पॉटिंगर हे पात्र अजून ताजे आहे. ती लुइसपेक्षा धीट, खेळात तरबेज, आणि तिसऱ्या पुस्तकात मोठे होण्याची तिला वाटणारी धास्ती 1976 च्या मानाने फारच प्रामाणिकपणे लिहिली आहे. ज्यांना मुलगे-मुलगे कंटाळवाणे वाटतात त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे.

जुनी प्रत घेताना काय तपासायचे?

अमेरिकेत असाल तर ग्रंथालयांच्या विक्रीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत या प्रती सहज मिळतात. कोणी येणार असेल तर तिथूनच मागवा. डायल प्रकाशनाची कापडी बांधणी टिकाऊ. वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल तर ती बहुधा बुक क्लबची आवृत्ती असते : वाचायला उत्तम, संग्राहकाला कमी मोलाची. ग्रंथालयातून काढलेल्या प्रतीवर शिक्के आणि चिकटवलेले खिसे असतात. विक्रेत्याला सुरुवातीचे चित्र शाबूत आहे का ते विचारा. तेच पान फाडून नेलेले असण्याची शक्यता जास्त.

डेल, बँटम आणि पफिनच्या कागदी आवृत्त्या स्वस्त, पण कागद आम्लयुक्त. कडेने तपकिरी होतो आणि पाठीचा डिंक वाळून तडकतो. पुस्तक एकदम सपाट उघडू नका. पाने सुटली असतील तर सेलोटेप लावू नका. तो काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. आम्लरहित पीव्हीए गोंदाचा पातळ थर ब्रशने पाठीला लावा, पाने नीट बसवा, मेणकागदात गुंडाळून वजनाखाली रात्रभर ठेवा. गोंद जास्त झाला तर तो पानांत शिरून दहा-बारा पाने एकत्र चिकटतात, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा हवा.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात प्रती कशा टिकवायच्या?

हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. भिंतीला टेकवून ठेवलेले कपाट सर्वांत आधी जाते, मागे दोन बोटे जागा सोडा. घट्ट झाकणाच्या डब्यात 20-25 पुस्तकांमागे शंभर ग्रॅम सिलिका जेल घाला. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. पुस्तके आत घालताना कोरडी हवीत, नाहीतर ओल आतच कोंडते.

बुरशी दिसली तर लगेच पुसू नका, ओली बुरशी पसरते. आधी पंख्याखाली सावलीत वाळवा, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. कडक उन्हात ठेवलेली प्रत वाळते खरी, पण मुखपृष्ठाचा रंग उडतो आणि पाठ वाकते. कसर किंवा पुस्तकी उवा असतील तर प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरते आणि केलेले सगळे वाया जाते.

कादंबऱ्यांतली गावे खरी आहेत का? जाऊन पाहता येतात?

न्यू झेबिडी म्हणजे लेखकाचे जन्मगाव मार्शल, डेट्रॉइटहून पश्चिमेला साधारण पावणेदोनशे किलोमीटर. लुइसच्या काकाच्या मनोऱ्याच्या घरामागची प्रेरणा तिथले क्रोनिन हाउस, 1870 च्या दशकातले. ते खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचे. बाहेर माहितीचा फलक आहे. खांबांच्या वर्तुळातले कारंजेही गावात आहे. हवाईमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत (कॉन्सल) म्हणून राहून आलेल्या ॲबनर प्रॅट यांनी 1860 मध्ये बांधलेले होनोलुलू हाउस आज संग्रहालय आहे. स्ट्रिकलंड यांनी 2006 च्या पुस्तकात त्याचा उपयोग केला. संग्रहालय वर्षभर रोज उघडे नसते, वेळा आधी पाहून निघा. डेट्रॉइट किंवा शिकागोकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही एका दिवसाची सहल आहे. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, झाडे रंगलेली असतात.

जॉनीचे डस्टन हाइट्स म्हणजे हेव्हरिल. नाव तिथल्या वसाहतकाळातल्या हॅना डस्टन या बाईवरून घेतलेले. अँथनीचे हूसॅक म्हणजे मिसिसिपीकाठचे विनोना, जिथे बेलेअर्सनी काही काळ शिकवले.

मोठ्यांसाठी त्यांनी काही लिहिले आहे का?

‘द फेस इन द फ्रॉस्ट’ (1969). प्रॉस्पेरो आणि रॉजर बेकन हे दोन म्हातारे जादूगार, आणि त्यांच्या मागे लागलेले काहीतरी. छोटी कादंबरी आहे, थट्टेखोर आणि मध्येच भयंकर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांनी 1979 च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात जी वाचनयादी दिली तिच्यात हे नाव आहे. ‘घड्याळा’चे पुस्तकही आधी मोठ्यांसाठी म्हणूनच लिहायला घेतले होते, प्रकाशकाच्या सूचनेवरून ते मुलांसाठी झाले. त्यामुळे पहिल्या पुस्तकानंतर लगेच ‘फेस इन द फ्रॉस्ट’ वाचले तर एकच हात दोन्हीकडे दिसतो.

नारायण धारप वाचून वाढलो. बेलेअर्स फिके वाटतील का?

धारपांकडची भीती मोठ्यांची आहे आणि तिचा दाब जास्त आहे, त्या अपेक्षेने गेलात तर फिके वाटतील. त्यांच्या काही कथांतले संकटातून सोडवणारे पात्र ‘समर्थ’ ऐन वेळी येतील असा जो भरवसा तिथे असतो, तो बेलेअर्सकडे मुद्दाम अपुरा ठेवलेला आहे. झिमरमनबाई ‘समर्थ’ नाहीत. नाणे तपासून त्यात जादू नाही असे त्या खात्रीने सांगतात आणि चुकतात.

याच्या पुढे काय वाचावे?

एम. आर. जेम्स (1862–1936). केंब्रिजचे विद्वान, जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक, आणि बेलेअर्सचे गुरू म्हणावेत असे भयकथाकार. धुळकट पुस्तक, न मानलेला इशारा, मागून चालणारी आकृती, हे सगळे तिथूनच आलेले. कथा वीस-पंचवीस पानांच्या आहेत आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे मोफत मिळतात. ‘ब्लू फिगरिन’ संपवल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ओह, व्हिसल, अँड आय विल कम टु यू, माय लॅड’ (1904) ही कथा घ्या. तिथेही जमिनीतून एक लहानशी वस्तू उचलली जाते, फक्त उचलणारा माणूस मोठा, शहाणा आणि भुतांवर विश्वास नसलेला आहे.